भोपळ्याच्या पोटात

कव्हरचे दहा बोल्ट सैल केले की आधी वास येतो, तेल नंतर. गंधकाचा, थोडा नासक्या अंड्यासारखा, एकदा शर्टाला लागला की दोन धुण्यांत न जाणारा. मार्च संपत आला होता. मिशिगनमधल्या त्या गॅरेजच्या दाराशी बर्फाचा शेवटचा काळपट ढीग अजून पडून होता, आणि आत 1989 ची एक फोर्ड मस्टँग लोखंडी घोड्यांवर चढवून, मागची चाकं काढून ठेवली होती. गाडी माझ्या मित्राची. मूळचा कोल्हापूरचा, पंचवीस वर्षं तिकडे. मी चार दिवसांचा पाहुणा. दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्या हातात टॉर्च दिला.

तेल ट्रेमध्ये ओघळून गेल्यावर त्याने तळाशी बोट फिरवलं. राखाडी, चांदीच्या वर्खासारखा बारीक लगदा बोटाला आला. त्याची काळजी नसते. दात्यांवर दाते घासले की वर्षानुवर्षं एवढं पीठ पडायचंच. पण त्या लगद्यातून त्याने नखाएवढा एक तुकडा उचलला आणि टॉर्चसमोर धरला.

"दात पडला रे."

"एकच?"

"भोपळ्यात हात घाल, कळेल."

भोपळा हे नाव आम्ही काढलेलं नाही. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा असतो त्याला अमेरिकन मेकॅनिकही भोपळाच म्हणतात. आपल्याकडे सिग्नलला ट्रकच्या मागे उभे राहिलात तर दोन चाकांच्या मध्ये जो तेलकट गोळा दिसतो, तोच हा. म्हातारी ज्यात बसून लेकीकडून परत निघाली त्या भोपळ्यासारखंच याचंही: आत कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही. फक्त आवाज येतो.

आवाज आदल्या सप्टेंबरपासून येत होता. मित्राने गाडी ड्रॅग स्ट्रिपवर नेली होती, म्हणजे पाव मैलाच्या सरळ पट्टीवर, जिथे 402 मीटर कोण किती सेकंदांत कापतो एवढाच प्रश्न असतो. इंजिनाला त्याने हातही लावलेला नव्हता. फक्त मागे मऊ रबराचे रुंद टायर बसवले. तीन वेळा गाडी छान सुटली. चौथ्या वेळी क्लच सोडला आणि मागून "खट्" झालं. गाडी पुढे गेली, वेळही बरी आली, पण घरी येताना मागून बारीक शीळ सुरू झाली.

ताकद तीच, टायर बदलले आणि दात पडले. हे आधी नीट समजून घेतलं की या दुरुस्तीचं बाकी सगळं कोडं सोपं होतं. त्या पाच लिटरच्या व्ही-8 इंजिनाचा कंपनीने जाहीर केलेला टॉर्क 300 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 407 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं प्रमाण 3.35. मागच्या क्राउन-पिनियनचं, त्याच्या गाडीत, 3.08. तिघांचा गुणाकार करा: मागच्या आसापर्यंत पोचेस्तोवर 407 चे जवळपास 4,200 होतात. चाकाचा नट आपण शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटरने आवळतो आणि वर बुटाने दाबून बघतो, यावरून अंदाज यावा.

आता टायरकडे बघू. गाडीचं वजन साधारण 1,450 किलो. जोरात सुटताना ती मागे बसते. मागच्या दोन चाकांवर समजा 900 किलो आले. साध्या टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाएवढी धरली आणि चाकाची त्रिज्या 32 सेंटीमीटर, तर ते टायर 2,800 न्यूटन-मीटरच्या आसपास तग धरतात. इंजिन 4,200 पाठवतंय, टायर 2,800 ला हात टेकतोय. मग तो घसरतो, धूर निघतो, बघणारे टाळ्या वाजवतात. आसावर मात्र 2,800 च्या वर फारसं काही येतच नाही. टायर हा फ्यूज आहे. मित्राने तो फ्यूज काढून तिथे जाड तार बसवली. ड्रॅगचे मऊ टायर वजनाच्या दुपटीएवढी पकड देऊ शकतात, शिवाय पकड वाढली की गाडी आणखी मागे झुकते. 1,100 किलो धरले तर हिशेब 6,900 वर जातो. आता इंजिनाचे सगळेच्या सगळे 4,200 आत शिरणार, आणि वर चार-पाच हजार फेऱ्यांवर फिरणाऱ्या फ्लायव्हीलचा तडाखा. क्लच झटक्यात सोडला की तो हातोड्यासारखा बसतो. या हिशेबात सगळ्यात अशक्त जे असेल ते तुटतं. त्या दिवशी ते पिनियनचे दोन दाते होते.

म्हणूनच मला गाडीच्या हॉर्सपॉवरच्या गप्पा ऐकताना थोडं हसू येतं. किती ताकद आहे हे विचारण्याआधी टायर कुठले लावलेत ते विचारावं.

भोपळ्याला कामं दोन. पहिलं काम वळवण्याचं. इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीत फिरतो, चाकं त्याला काटकोनात. पिनियन नावाचा लहान दातेरी शंकू आणि क्राउन नावाचं मोठं दातेरी कडं एकमेकांत अडकवून हा काटकोन साधतात आणि त्याच खेपेत वेग कमी करून जोर वाढवतात. अमेरिकेत क्राउनला दुसरं नाव आहे, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायच्या तेव्हापासून आपल्या गॅरेजांत क्राउन-पिनियन हाच जोडशब्द चालतो, मुलाला गॅरेजात ठेवलं की पहिल्या महिन्यात शिकतो तो.

दुसरं काम जास्त गमतीचं. बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही, कारण तिचा आस फिरतच नाही. दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली फिरतात. ओढणारे बैल पुढे आहेत, चाकांनी फक्त गडगडायचं. मोटारीत चाकंच ओढणार, म्हणजे दोन्ही चाकांना इंजिनाशी बांधायला हवं. आणि बांधलं की वळण आलं. एनसीसीच्या परेडला रांग वळताना आतला पोरगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा लांब टांगा टाकत धावतो, तसंच. दोन चाकांत 1.45 मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 2.28 मीटर जास्त चालतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, हा आकडा तेवढाच राहतो. वर्तुळाचं गणित आहे, कागदावर करून बघा. दोन्ही चाकं एकाच कांबीला जखडली असती तर प्रत्येक चौकात कुठलं तरी एक टायर दोन मीटर फरफटलं असतं.

ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने 1827-28 च्या सुमारास यावर उतारा काढला, तोच हा डिफरन्शियल, आणि तोही वाफेच्या गाडीसाठी. पेट्रोलची मोटार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. क्राउनला एक पेटी जोडलेली, पेटीत आडव्या पिनेवर दोन छोटे स्टार पिनियन, आणि त्यांच्या दोन अंगांना दोन साइड गिअर, एकेका चाकाचे. गाडी सरळ जाताना स्टार आपल्या पिनेभोवती फिरतच नाहीत, पेटीबरोबर नुसते गरगरतात. वळणावर एक साइड गिअर मागे पडला की स्टार तेवढेच स्वतःभोवती लोळतात आणि दुसऱ्याला तेवढंच पुढे ढकलतात. दोनशे वर्षं होत आली, मुळात बदल नाही.

यातली खोड ज्याने पावसाळ्यात शेतातून टेम्पो काढलाय त्याला सांगावी लागत नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना जोर सारखाच वाटतं. एक चाक चिखलात गेलं आणि त्याला फिरायला काही जोरच लागेनासा झाला, की दुसऱ्या, कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. एक चाक चिखल उडवत राहतं, दुसरं ढिम्म. तेज गाडीत हा चिखल वळणावर तयार होतो: आतलं चाक हलकं होतं, सुटतं, आणि बाहेरचं, ज्याच्यावर सगळं वजन आहे, ते रिकाम्या हाताने बसून राहतं. फर्डिनांड पोर्शेने ऑटो युनियनसाठी केलेल्या ग्रां प्री गाडीत ताकद इतकी होती की एक मागचं चाक ताशी दीडशेच्या वेगालाही सुटून फिरायचं. 1935 मध्ये त्याने झेडएफ कंपनीकडून त्यावर तोड काढून घेतली, म्हणजे घसरणीला वेसण घालणारं डिफरन्शियल. अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या गाडीत ते पहिल्यांदा पॅकार्डने 1956 मध्ये दिलं.

मित्राच्या भोपळ्यातलं डिफरन्शियल याच जातीचं, फोर्ड ज्याला ट्रॅक्शन-लॉक म्हणते ते. साइड गिअरच्या मागे क्लचच्या चकत्यांची चळत, आणि दोन्ही चळतींना बाहेर दाबत मधे बसलेली इंग्रजी एस अक्षरासारखी स्प्रिंग. चकत्या दाबलेल्या असल्यामुळे एक चाक एकटं मोकाट सुटायला लागलं की घर्षण त्याला धरून ठेवतं. ही स्प्रिंग हातोडीने ठोकून बाहेर काढावी लागते आणि ती गोळीसारखी सुटते, म्हणून मित्राने आधी वर जुना टॉवेल टाकला. तरी टॉवेलसकट दारापर्यंत गेली. चकत्यांवरचा थर मात्र पार गुळगुळीत झालेला. म्हणजे काही काळ हे डिफरन्शियल नावालाच घसरण रोखणारं उरलं होतं.

इथे निवड करावी लागते, आणि तिच्यावर लोक क्रिकेटच्या संघनिवडीसारखे तावातावाने भांडतात. चकत्यांचं डिफरन्शियल स्वस्त, हवं तसं घट्ट-सैल करता येतं, पण झिजतं. तेलात घर्षण सौम्य करणारी छोटी बाटली ओतायला विसरलं तर पार्किंगमध्ये वळताना मागून कुणी दार खरवडतंय असा आवाज येतो. दुसरी जात निव्वळ दात्यांची. वर्नन ग्लीसमनने 1958 मध्ये पेटंट घेतलेलं टॉर्सेन आणि त्याच्या गोतावळ्यातली बाकीची. यात चकत्या नाहीत. तिरके दाते एकमेकांवर रेटले जाऊन आपोआप आवळतात, आणि एका चाकाच्या पकडीच्या ठरावीक पटीत दुसऱ्याला जोर देतात. रस्त्यावरच्या गाडीला यापेक्षा गोड काही नाही. पण त्या पटीतच त्याची मर्यादा आहे: एक चाक हवेत उचललं गेलं, त्याची पकड शून्य झाली, तर शून्याची कितीही पट शून्यच. तिसरी जात लॉकरची. हे दोन्ही चाकांना पक्कं जखडतं आणि वळणावर बाहेरच्या चाकाला कडकड करत सोडतं. शेजारच्या सीटवरचा माणूस दचकतो. आपल्या थारच्या मागच्या आसात मिळणारं लॉक होणारं डिफरन्शियलही याच विचाराचं, फक्त ते एक चाक सुटल्यावर मग जखडतं, आणि दगड-चिखलासाठी आहे. आणि सगळ्यात शेवटी स्पूल, म्हणजे डिफरन्शियलच काढून टाकून लोखंडाचा एक ठोकळा. ड्रिफ्टिंगवाली पोरं पैसे वाचवायला स्टार पिनियनवर सरळ वेल्डिंग मारतात, परिणाम तोच. सरळ पट्टीवर उत्तम, गावात टायर खातो आणि आसाला पीळ देत राहतो. रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीत स्पूल बसवणारे पाहिलेत मी. त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नये.

मित्राने चकत्यांचंच घेतलं, पण नवं, 31 स्प्लाइनच्या आसांसाठीचं. या 31 च्या मागे छान गणित आहे. त्याच्या गाडीत मूळचे आस 28 स्प्लाइनचे होते, म्हणजे टोकाला 28 खाचा. खाचेचा आकार तोच ठेवून संख्या 31 केली तर दांड्याची जाडी साधारण अकरा टक्क्यांनी वाढते. पिळाला तोंड देण्याची ताकद मात्र जाडीच्या घनाने वाढते, म्हणून अकरा टक्के जाडीत पस्तीस टक्के ताकद पदरात पडते. 35 स्प्लाइनला गेलात तर मूळच्या जवळजवळ दुप्पट. हे आस भंगारातही मिळतात: फोर्डच्याच एक्सप्लोरर गाडीत 8.8 इंचाच्या क्राउनचा हाच भोपळा, 31 स्प्लाइनसह, आणि 1995 पासून डिस्क ब्रेकसह आला. त्यामुळे अमेरिकेतल्या भंगारवाड्यात एक्सप्लोरर आली की पुढचं कुणी बघत नाही, लोक थेट तिच्या मागे जाऊन वाकतात. तिचा भोपळा मधोमध नसतो, थोडा एका अंगाला असतो. म्हणून लांब बाजूची नळी कापून, दोन्हीकडे आखूड आस घालून तो मध्यावर आणायचा हा तिथला ठरलेला उद्योग.

दुसरी कमजोरी छोटी आणि जास्त भीतीदायक. या भोपळ्यात आस बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या आतल्या टोकाला घोड्याच्या नालासारखी एक चपटी क्लिप असते. बस्स, तेवढीच. आस मध्येच तुटला तर बाहेरच्या तुकड्याला धरणारं काही उरत नाही. चाक, ब्रेकसकट, गाडीखालून चालू लागतं. दशरथाच्या रथाची खीळ निसटल्यावर कैकेयीने आपला हात घातला, हे कीर्तनात ऐकलेलं असतं. ताशी दीडशेला तशी सोय नसते. म्हणून अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संस्था एनएचआरए पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला बाजारचे भक्कम आस आणि ते चाकाच्या टोकालाच धरून ठेवणारी व्यवस्था सक्तीची करते. मित्राची गाडी तेरा सेकंदांची. तरीही त्याने ती बसवली, आणि मला ते पटलं.

असल्या भानगडी नकोत म्हणणारे लोक गुपचूप नऊ-इंचीकडे वळतात. फोर्डने 1957 च्या मॉडेलांपासून 1986 पर्यंत वापरलेला हा आस, क्राउन नऊ इंच व्यासाचा, म्हणून नाव नऊ-इंची. क्राउन 8.8 पेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर मोठा. मग त्याचं एवढं कौतुक का? एक तर यातल्या पिनियनला दोन्ही बाजूंनी आधार आहे. दात्यांच्या पुढच्या टोकालाही छोटं बेअरिंग, त्यामुळे जोर पडला की पिनियन लवून बाजूला सरकत नाही. दुसरं, तो क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, त्यामुळे एका वेळी जास्त दाते एकमेकांत गुंतलेले असतात. या खाली सरकवलेल्या घडणीला हायपॉइड म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने ती 1920 च्या दशकात सिद्ध केली आणि पॅकार्डने 1926 मध्ये गाडीत घातली, तेव्हा मूळ आकर्षण हे होतं की दांडा खाली गेल्याने गाडीचा तळही खाली घेता येतो. मोबदल्यात दाते नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर लांबून घसरतात; साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही. सुरुवातीला आलेला वास त्यासाठीच तेलात घातलेल्या गंधकाचा. घसरण जास्त म्हणजे उष्णताही जास्त, आणि नऊ-इंची थोडी ताकद त्यात गिळतो.

पण त्याची खरी थोरवी मला वेगळीच वाटते. नऊ-इंचीचा भोपळा समोरून, पिनियन-क्राउनसकट, एकसंध बाहेर निघतो. टेबलावर ठेवा, नीट उजेडात, खुर्चीवर बसून जुळवा, परत ठोका. शर्यतीवाले वेगवेगळ्या प्रमाणांचे तयार भोपळे घेऊन फिरायचे आणि मैदान बघून बदलायचे. नासकारच्या सर्वोच्च मालिकेतल्या गाड्यांत याच घराण्याचा आस पार 2022 पर्यंत राहिला, त्या वर्षी नव्या गाडीत मागची चाकंच स्वतंत्र झाली. मित्राच्या 8.8 मध्ये ही चैन नाही. सगळं हाऊसिंगच्या आत, गाडीखाली पाठीवर पडून, नाकावर तेल टपकवत.

प्रमाण कुठलं घ्यायचं यावर तो महिनाभर अडला होता. शेवटी 3.73 घेतलं, म्हणजे क्राउनला 41 दाते आणि पिनियनला 11. जुन्या 3.08 च्या मानाने जोर एकवीस टक्के वाढतो, आणि पाचव्या गिअरमध्ये ताशी शंभरला इंजिनाच्या फेऱ्या सतराशे-साडेसतराशेवरून एकवीसशेवर जातात. हायवेवर तेवढं पेट्रोल जास्त. 4.10 घेतलं असतं तर तेवीसशे. शिवाय आकडा मोठा म्हणजे पिनियन बारीक, 4.10 ला दहाच दाते, आणि ताकद वाढवायला गेलेला माणूस बारीक पिनियन घेऊन घरी येतो हे मला कधी कळलेलं नाही. 41 आणि 11 यांना सामाईक भाजक नाही, हेही शहाणपणाचं. पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटून झाल्याशिवाय जुनी जोडी परत जमत नाही. 451 भेटी लागतात. त्यामुळे झीज सगळ्यांत वाटली जाते. 39 ला 13 असेल तर पिनियनचा एक दाता आयुष्यभर क्राउनच्या त्याच तीन दात्यांशी संसार करतो, आणि एकाचा दोष बाकीच्यांना लागतो.

जुनं काढायला अर्धा दिवस गेला, नवं बसवायला दोन. फरक समजण्यासारखा आहे. बेअरिंगच्या कॅप काढण्यापूर्वी त्याने पंचने खुणा केल्या, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. या कॅप हाऊसिंगवर बसवून एकत्रच छिद्र कापलेलं असतं. अदलाबदल झाली तर बेअरिंग कायमचं तिरकं. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीने घासून येतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला. आपल्याकडचा मिस्त्रीही म्हणतोच की बदलायचं तर जोडीने. पण नवी जोडी आणली म्हणजे काम झालं नाही. पिनियन क्राउनच्या किती जवळ बसावा हे त्याच्या डोक्यामागच्या शिमवर, म्हणजे पातळ चकतीवर, ठरतं, आणि शिम केसाहून पातळ फरकाने बदलावी लागते. दर वेळी बेअरिंग प्रेसमधून काढा-घाला करण्यापेक्षा त्याने जुनंच बेअरिंग आतून घासून सैल करून ठेवलं होतं, चाचणीपुरतं, हाताने सरकणारं.

मग पिवळी पेस्ट. डबीतून ब्रशने क्राउनच्या चार-पाच दात्यांना दोन्ही अंगांनी लावायची, हळदीएवढी पातळ. क्राउनला चिंधीने अडवून थोडा जोर ठेवायचा आणि पिनियन फिरवायचा. दाते जिथे भिडले तिथली पेस्ट पुसून निघते आणि अंड्याच्या आकाराचा एक चकचकीत डाग उरतो. सगळं शास्त्र त्या डागात आहे. डाग दात्याच्या बुडाशी पडला तर पिनियन फार खोल गेलाय, शिम कमी करा. शेंड्याकडे पडला तर वाढवा. आतल्या किंवा बाहेरच्या टोकाला सरकला तर क्राउन डावी-उजवीकडे हलवा. आणि हे करताना दोन दात्यांमधला प्ले डायल गेजवर 0.15 ते 0.25 मिलिमीटरमध्येच राहायला हवा. एक सावरावं तर दुसरं सुटतं. पहिला डाग बुडाशी होता. दुसरा शेंड्याशी. तिसऱ्या खेपेला मित्र म्हणाला, "हा बघ कसा येतोय," आणि तो येईना. पाचव्या शिमला डाग मधोमध आला, किंचित आतल्या टोकाकडे. जोर पडला की तो बाहेर सरकतो, म्हणून तेवढं चालतं, किंबहुना तसंच हवं.

सगळ्यात जिवावरचं काम पिनियनच्या नटाचं. दोन बेअरिंगांमध्ये लोखंडाची एक मऊ नळी असते, ती नट आवळून चेपायची, बेअरिंगांवर ठरावीक ताण येईपर्यंत. नळी चेपायला दोनशे न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. लांब पाइप घालून दोघांनी लोंबकळायचं. आणि साधायचं काय, तर पिनियन हाताने फिरवताना दोन-तीन न्यूटन-मीटरचा अडथळा. पाव फेरी आवळायची, मोजायचं. आणखी थोडं, मोजायचं. जास्त झालं तर नट मागे सोडून चालत नाही, चेपलेली नळी परत फुगत नाही. ती फेकायची, नवी घालायची, पहिल्यापासून. आमची एक गेली. मित्राने दोन आणून ठेवल्या होत्या.

रात्री साडेनऊला दोन लिटरच्या आतबाहेर तेल आणि ती छोटी बाटली आत गेली. दुसऱ्या सकाळी रस्ते कोरडे होते. नव्या दात्यांना पहिले वीस-पंचवीस किलोमीटर बेताने चालवून मग पूर्ण थंड होऊ द्यायचं असतं, नाहीतर घासून बसण्याआधीच ते करपतात. रेडिओ बंद, काचा वर, बोलायचं नाही. पद्मिनी टॅक्सीत मागे बसून ज्यांनी दादर ते फोर्ट केलंय त्यांना तो हुंकार आठवत असेल, पाय दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. सूर पाय दाबल्यावर बदलला तर दोष दात्यांच्या एका अंगाचा, सोडल्यावर बदलला तर दुसऱ्या. दोन्हीकडे सारखी घरघर असेल तर बेअरिंग. साठ, सत्तर, ऐंशी. त्याने पाय उचलला, परत दाबला.

"काय ऐकू येतंय?"

"टायर."

"अजून?"

"तुझं घड्याळ."

घरी आल्यावर तो आडवा झाला आणि पिनियनच्या तोंडाशी हाऊसिंगवर तळवा टेकवून पडून राहिला. बेअरिंग जास्त आवळलं गेलं असेल तर तिथे हात टिकत नाही. मी पाचपर्यंत मोजले. हात तिथेच होता.